गॅदरिंग वेळेवर झालं

आज आमच्या शाळेचं गॅदरिंग वेळेवर झालं.

म्हणजे वानखडे मॅडम खरंच गेल्या.

महिना झाला आज. अकोल्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गाडीत त्यांनी जीव सोडला. तेव्हा रडले, पण पटलं नव्हतं. आज दुपारी स्टेजवर नारळ फुटला आणि पटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पातूरच्या अलीकडे आमची मुलींची शाळा. दहावीपर्यंत. मॅडम मुख्याध्यापिका, इतिहास शिकवायच्या. मी मराठीची.

रोज प्रार्थना झाली की मॅडम माइक घ्यायच्या. आधी शाळेच्या बातम्या. कोण कबड्डीत जिंकलं, कोणाचं चित्र निवडलं गेलं. मग आगामी कार्यक्रम.

आगामी कार्यक्रमांत गॅदरिंग कायम असायचं. त्यानंतर मेळघाटात सेमाडोहची सहल. सहल काही कधी निघाली नाही.

आणि गॅदरिंग? सगळ्या शाळांचं हिवाळ्यात होतं. आमचं मार्चच्या उन्हात, दहावीचा शेवटचा पेपर झाला की.

कधी मंडपवाला मिळत नाही, कधी पाहुणे रिकामे नाहीत, कधी मॅडमचा घसा बसलेला. गावात हसायचे लोक. स्टाफरूममध्ये पण हसायचे. बाईले एक गॅदरिंग जमत नाही म्हणे!

मी एकदा चिडून विचारलं. माझा स्वभाव माहीतच आहे तुम्हाला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अवो, गॅदरिंग झालं की पोरी जातात ना."

दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागते. बाकं रिकामी होतात. कोणी शेतात, कोणी लहान भावाला सांभाळायला. त्यातल्या बऱ्याच जणी पुन्हा येतच नाहीत.

म्हणून मॅडमची एक रीत होती. ज्या पोरीचं काही खरं नाही, तिलाच सगळ्यात मोठा रोल.

मग बाप गावभर सांगायचा, आमची पोरगी नाटकात हाये. आणि नाटक होईस्तोवर तिला घरी बसवायचा नाही. तेवढ्यात परीक्षा उरकायची.

एवढंच होतं ते. एवढ्यासाठी आयुष्यभर लोकांचं हसू सोसलं त्या बाईनं.

यंदाचं नाटक मॅडमनी स्वतः लिहिलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचं आपलं वऱ्हाड. तिकडे अमेरिकेत लढाई, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इथे काळ्या मातीतलं बोंड सोन्याच्या भावानं चाललेलं. लोकांनी म्हणे बैलांच्या गळ्यात चांदी घातली.

त्यात चंद्री नावाची पोर. अमरावतीला मुलींची शाळा निघाली असं ऐकते आणि बापाच्या मागे लागते. बाप म्हणतो, भाव चढला हाये, वेचायले हात पायजेत, शाळा पुढल्या साली. पुढल्या साली लढाई संपते, भाव कोसळतो. बाप म्हणतो, आता कायची शाळा?

चंद्रीचा रोल रोशनीला दिला होता. रोशनी दहावीची. बापाचा भाजीचा मळा, जोडीला थोडा कापूस. मोठी बहीण धामणगावला दिलेली, तिचं बाळंतपण आलेलं. रोशनीला तिकडे पाठवायचं दिवाळीपासूनच चाललं होतं. बाळंतपणाला गेलेली पोर दहावीच्या पेपराला परत आलेली मी पाहिली नाही.

मॅडम गेल्यावर शोकसभा झाली. तिथे आमचे इंगळे सर, आता प्रभारी आहेत ते, भरल्या गळ्यानं बोलले. मॅडमला दरवर्षी वेळेवर गॅदरिंग घ्यायचं होतं, बिचाऱ्यांना ते कधी जमलं नाही, आपण यंदा त्यांची इच्छा पूर्ण करू.

सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, अशा वेळी असं बोलू नये मॅडम. मंडप सांगून झाला होता. फ्लेक्स छापायला गेला होता, त्यावर मॅडमचा हसरा फोटो.

वाईट माणूस नाही तो. त्याचाच जास्त राग येतो.

आज मंडप भरला होता. रोशनीनं काय काम केलं! शेवटी नाटकातल्या बापाकडे बघून म्हणाली,

"भाव चढला तरी मीच. भाव पडला तरी मीच."

टाळ्या थांबेनात. तिचा बापही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. डोळे पुसत होता.

मग आभार झाले. सर म्हणाले, आज मॅडमच्या आत्म्याला शांती मिळाली असेल.

आगामी कार्यक्रम कोणी वाचले नाहीत.

रोशनी लुगड्याची घडी करून माझ्याकडे द्यायला आली. बाप मागेच उभा.

"मॅडम, पुढचं नाटक कवा हाये? बाबाले सांगा लागते."

मी म्हटलं, मार्चमध्ये. पेपर झाल्यावर. याहून मोठा रोल देते तुला.

तोंडाला येईल ते बोलत होते मी.

तिचा बाप अजिबात चिडला नाही. हात जोडूनच बोलला.

"मॅडम, वानखडे मॅडम पण असंच सांगत. दर साली गॅदरिंग उगाच इतकं लांबते काय? मले सारं समजत होतं. त्यायचा मान होता म्हणून थांबलो होतो. आता त्याच नाही राह्यल्या."

इतकी वर्षं नोकरी केली, पण तो मान मी नाही कमावला.

उद्या सकाळी रोशनी धामणगावला निघते. लुगडं माझ्या टेबलावर आहे. घडी फार नीट घातली आहे पोरीनं.

मॅडम, तुमचं गॅदरिंग फार सुंदर झालं. सगळं गाव तुमचं नाव काढत होतं.

आज तुम्हाला फुलं वाहायला माझा हात उचलला गेला नाही. नुसता नमस्कार करते.