‘अचीव्ह्ड’चा रकाना आणि आडवं झालेलं भात

"जगताप, टार्गेट पूर्ण," साहेबांनी कागदावरची नजर न उचलता वाचलं. "आणि तुम्ही?"

माझा आकडा त्याच कागदावर होता. त्यांना तो दिसतही होता. तरी मला उभं राहून सांगावं लागलं की, ठरलेल्या कामाचा तिसरा हिस्साही झालेला नाही.

पौडच्या कचेरीतली ही ऑगस्टची मीटिंग. साल एकोणीसशे साठच्या पुढंमागं. साहेब म्हणजे आमचे बीडीओ, तालुक्याच्या विकासकामांचे मुख्य. मी ग्रामसेवक. माले आणि तिथली चार गावं माझ्याकडं होती, तर जगतापकडं पुण्याच्या अंगाची. त्या वर्षी सगळा जोर जपानी भातशेतीवर होता. म्हणजे काय, तर रोपं मूठमूठभर कशीही न खोचता दोरी धरून सरळ ओळीत लावायची, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवायचं आणि वरून सल्फेट द्यायचं. सल्फेट म्हणजे साखरेसारखं दिसणारं पांढरं खत.

महिन्याचा रिपोर्ट इंग्रजीत असे. त्यात दोन रकाने होते. एक ‘टार्गेट’, दुसरा ‘अचीव्ह्ड’. या दुसऱ्या रकान्यानं माझी झोप उडवली होती. विस्तार अधिकाऱ्याची, म्हणजे आमच्या वरची, एकच जागा निघणार होती आणि ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. जगताप माझ्याहून दोन वर्षांनी ज्युनिअर. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटे. त्याच्या सायकलीचा वाटे, त्याच्या वळणदार अक्षराचा वाटे, आणि ऐन लावणीतही त्याच्या धोतराला चिखल कसा लागत नाही, याचा तर फारच वाटे.

त्या चिखलाचं कोडं एका रविवारी सुटलं. मी मुद्दाम सायकल मारत त्याच्या गावांकडं गेलो. रस्त्याकडेच्या भातखाचरात पहिल्या चार ओळी दोरीनं आखल्यासारख्या सरळ होत्या. पलीकडं सगळी जुनी लावणी. पुढच्या खाचरातही तेच. त्याच्या पुढच्याही. साहेबांची जीप रस्त्यावरून जाणार, त्यांना चार ओळी दिसणार आणि रिपोर्टात अख्खं खाचर चढणार. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण साहेबांना जाऊन सांगायचं कसं? ती चहाडी झाली असती. म्हणून मी मुलाणी मास्तरांकडं गेलो. पौडच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत. त्यांच्याकडं विटेएवढी जाड डिक्शनरी होती.

"मास्तर, अचीव्ह्ड म्हणजे नेमकं काय हो?"

"का? हा शब्द कुणाला फेकून मारायचाय?" ते हसले, पण पान काढलं. "मूळ शब्द जुन्या फ्रेंचांचा. त्यात ‘चीफ’ आहे. चीफ म्हणजे डोकं, शीर. त्याच्याही मागं लॅटिनमध्ये डोकंच आहे. काम डोक्याला नेलं, म्हणजे टोकाला नेलं, संपवलं. आपण तडीस नेलं म्हणतो ना, तसं. नुसतं हाती घेतलं, त्याला अचीव्ह म्हणत नाहीत."

"म्हणजे लावणी झाली की अचीव्ह झालं, असं नाही?"

"भाताला डोकं कधी येतं?"

"निसवल्यावर." निसवणं म्हणजे पोटरीतून, पानाच्या फुगलेल्या देठातून, लोंबी बाहेर पडणं.

"मग तुम्हीच बघा," मास्तर म्हणाले आणि पुस्तक मिटलं. "पण एक सांगू? शब्दाचा अर्थ विचारायला येणारा माणूस इतका खूश दिसत नाही."

मी ते कानाआड केलं. पुढची मीटिंग सप्टेंबरच्या सुरवातीला होती. तिथं उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं बोललो. फ्रेंच, लॅटिन, शीर, काही सोडलं नाही. "तेव्हा साहेब, लावणीचे आकडे या रकान्यात धरू नयेत. भात निसवल्यावर शेतात उभं राहून मोजावं."

साहेबांना इंग्रजीचं भारी कौतुक. ते खुर्चीत पुढं सरकले. "उत्तम. मी स्वतः येईन. प्रत्येकाचं एकेक खाचर नीट तपासू, बाकीची चालता चालता बघू. जगताप, तुमचं काय म्हणणं?"

"चालेल की साहेब," जगताप म्हणाला. घाबरला नाही, याचाही मला राग आला.

माझं खाचर ठरलेलं होतं. सरूमावशीचं. नवरा गेल्यापासून ती दोन खाचरं एकटी कसत होती. दोन्हींत आंबेमोहोर. वर्षाचं खाणं त्यातच, पुढच्या सालचं बी त्यातच. माझ्या शब्दाखातर तिनं एक अख्खं खाचर दोरीनं लावलं होतं. सगळ्या गावात असं करणारी ती एकटीच. भात सुरेख आलं होतं. तिथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी पुन्हा जगतापच्या बाजूला चक्कर मारली. त्याच्या चार ओळी मला जास्त काळ्याभोर दिसल्या. होत्या का तशा? कुणास ठाऊक. दुसऱ्याच्या ताटातलं नेहमी जास्तच दिसतं. परत आलो तो सल्फेटची अर्धी गोणी घेऊनच.

"आता कशाला?" सरूमावशी बांधावर उभी होती. "मागल्या महिन्यात दिलं की. आता तर पोटरीत आलंय."

"अजून एक हात दिला की लोंब्या भरतील, मावशी."

"आंबेमोहोर हाय ह्यो, भाऊसाहेब. उंच वाडतंय. लई खाल्लं की पडतंय."

ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. जास्त सल्फेट दिलं की पानं माजतात, काडी लांब आणि पोकळ होते, हे मी स्वतः चावडीत फळ्यावर लिहून लोकांना शिकवलं होतं. तरी म्हणालो, "माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमी म्हंताय म्हून," ती म्हणाली. मी स्वतः सगळं खाचर फिरून खत फेकलं.

महिनाभर ते खाचर असं दिसत होतं की, येणारा-जाणारा थांबून बघे. मीही दिवसाआड जाऊन बघत होतो. भात निसवलं, लोंब्या जड झाल्या. मग हस्ताचा पाऊस आला. मोठा नव्हे, नेहमीचाच, थोडा वारा. सकाळी जाऊन पाहिलं तर सगळं खाचर आडवं. लोंब्या पाण्यात. शेजारच्या खाचरात तिनं जुन्या रीतीनं लावलेलं भात उभं होतं.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. आधी जगतापकडं गेले. त्याचं खोटं पकडलं गेलं, यात शंका नाही. साहेबांनी सर्वांदेखत त्याला झापलं. तो म्हणाला, "चुकलं साहेब. शेतकरी म्हणाले, चार ओळी घे, आधी बघू. आकडा कमी दिसेल म्हणून मी खाचर लिहिलं. पण आता त्यांनी बघितलंय." आणि खरंच, त्या चार ओळी उभ्या होत्या, लोंब्या भरल्या होत्या. दोघं-तिघं शेतकरी पुढं येऊन म्हणाले, पुढल्या साली समदं दोरीनंच लावणार. साहेबांनी त्याचा आकडा खोडून चार ओळींपुरता केला.

मग माझ्याकडं. साहेब बांधावर येऊन उभे राहिले. "सल्फेट किती दिलंत?" मी सांगितलं. त्यांनी पेन काढलं आणि रकान्यात शून्य घातलं. "व्याख्या तुमचीच आहे," एवढंच म्हणाले.

विस्तार अधिकाऱ्याची जागा जगतापला मिळाली.

पडलेलं भात लवकर काढावं लागतं, नाहीतर दाणा खाचरातच उगवतो. ते कापणं दुप्पट कष्टाचं. पाऊस उघडल्यावर मी विळा घेऊन गेलो. दुसरं काय करणार? दिवसभर आम्ही चिखलातून एकेक मूठ उचलून कापत होतो. हाती आलं ते निम्मं पोचट. वर्षाच्या खाण्यातले तीन-चार महिने गेले, हे दोघांनाही दिसत होतं.

दुपार कलल्यावर ती म्हणाली, "त्या जगताप भाऊसाहेबाच्या म्होरं जायचं हुतं न्हवं तुमाला?"

"कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? खत टाकताना एकदाबी माज्या भाताकडं बगितलं न्हाई तुमी." तिनं पेंढी आवळून बांधावर टाकली. "त्येला पाडायचं हुतं, तर खत त्येच्या खाचरात टाकायचं हुतं."

पुढं मीही विस्तार अधिकारी झालो, सहा वर्षांनी. नव्या ग्रामसेवकांना सल्फेट किती द्यायचं ते शिकवताना कुणाच्या शेताकडं बघून द्यायचं, हेही सांगत असे. ते वहीत फक्त पहिलं उतरवून घेत.