कुटुंबप्रमुखाशी नाते

बाळ घरी आलं त्याच दिवशी सूर्यकांतने दारावरची बेल काढून टाकली होती. दुबईतल्या करामा भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये दूधवाला, लाँड्रीवाला, गॅसवाला, सगळेच बेलवर हात ठेवला की उचलायचं विसरत. म्हणून त्या सकाळी दारावर बोटांनी कुणीतरी टकटक केली, तेव्हा कमलिनीला वाटलं, शेजारची शहनाझ वाटी घेऊन आली असणार.

सकाळ नेहमीचीच होती. सूर्यकांत ऑफिसला गेला होता. नऊ वर्षांची दर्शना सुट्टी लागल्यामुळे सोफ्यावर उलटी लोळत टीव्ही बघत होती. सव्वा महिन्याचं बाळ न्हाऊन, धुरी घेऊन नुकतंच झोपलं होतं. स्वयंपाकघरात कावेरी डिंकाचे लाडू वळत होती आणि तुपाचा वास पार लिफ्टपर्यंत पोचला होता. कमलिनीसमोर टेबलावर एक मोठा चार्टपेपर अंथरला होता. त्यावर दर्शनाच्या स्केचपेनांनी तिरोडकर घराण्याचा वृक्ष निम्मा उगवला होता.

मराठी मंडळाची स्मरणिका निघायची होती. त्यात ‘इथे आलेली पहिली कुटुंबं’ असं सदर होतं, आणि पहिला मान तिरोडकरांचा. कमलिनीचे सासरे अण्णासाहेब तिरोडकर एका कापडवाल्याचे कारकून म्हणून बोटीने आले होते, तेव्हा दुबईत सांगण्यासारखा रस्ताही नव्हता. आता ते नव्हते, सासूबाई गिरिजाबाईही नव्हत्या. सूर्यकांतला विचारलं तर तो म्हणे, “मला काय विचारतेस, मला कालचं जेवण आठवत नाही.” पण अण्णासाहेबांना एक सवय होती. सरकारदरबारी गेलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल ते स्वतःच्या अक्षरात, मराठीत काढून ठेवत. त्यात इथल्या शिरगणतीचेही कागद होते. कमलिनी सावंतवाडीच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बीए झालेली. ते कागद सापडल्यावर तिला बाळंतपणातही हुरूप आला.

अडुसष्टच्या कागदावर देरा या जुन्या वस्तीतली एक खोली आणि सात पुरुष. ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात अण्णासाहेबांनी लिहिलं होतं, ‘कोणी नाही’. पंचाहत्तरमध्ये ते स्वतः प्रमुख झाले. गिरिजा, पत्नी. सूर्यकांत, मुलगा, वय चौदा. कावेरी, मुलगी, वय दहा. ऐंशीमध्ये तेच चौघे, पाच पाच वर्षांनी मोठे. पंच्याऐंशीमध्ये कमलिनी, सून, आली आणि कावेरी गेली. तिचं लग्न होऊन ती कुडाळकडे वालावलकरांच्या घरी गेली होती. त्यानंतर दहा वर्षं शिरगणती झालीच नव्हती. कागद एकापुढे एक मांडले की घर डोळ्यांसमोर भरत जाई, रिकामं होई, परत भरे. कमलिनीला त्याचा फार अभिमान वाटत होता.

तिने दार उघडलं. बाहेर चष्मा लावलेला, गळ्यात ओळखपत्र आणि हातात जाड फाईल घेतलेला एक तरुण उभा होता. सुदानी असावा, शाळामास्तरासारखा नीटनेटका. आधी अरबीत काहीतरी म्हणाला, मग इंग्रजीत. शिरगणती.

“प्लीज कम,” कमलिनी म्हणाली, आणि मनात तिला हसूही आलं. आपला एवढा अभ्यास चालला होता आणि अभ्यासाचा विषयच दारात!

त्याने बसून एकेक विचारायला सुरुवात केली. सूर्यकांत, प्रमुख. कमलिनी, पत्नी. दर्शना, मुलगी. बाळ, मुलगी. नाव?

“नो नेम,” कमलिनी म्हणाली. “नाव शुक्रवारी. पार्टी. फंक्शन.” तिला बारसं सांगता येईना.

तो चकित झाला. सव्वा महिन्याचं मूल आणि नाव नाही? कमलिनीचं इंग्रजी अशा वेळी नेमकं पायात पाय घालून पडे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कावेरीचा आवाज आला. अरबीत. दोनच वाक्यं, पण इथल्या जुन्या वस्तीतल्या बायका बोलतात तशी, गोल, सहज. आमच्यात नाव पाळण्यात ठेवतात, असं काहीसं ती म्हणाली असणार, कारण तो तरुण हसला, मान डोलावली आणि बाळाच्या नावाची जागा रिकामी ठेवून पुढे सरकला. मग पेन रोखून त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“अँड धिस लेडी?”

इथे थोडं मागचं सांगायला हवं. कावेरीचा नवरा एक्याण्णवमध्ये गेला. मूलबाळ नव्हतं. सासरी दिरांनी तिला गोठ्याकडची खोली दिली आणि बोलणं बंद केलं. सूर्यकांतने तिला आपल्याकडे आणायचं ठरवलं, पण बहिणीला व्हिसा मिळेना. बायको आणता येते, मुलं आणता येतात, विधवा बहीण कुठल्या रकान्यात बसवणार? ऑफिसच्या माणसाने वाट सांगितली. मोलकरणीचा व्हिसा काढ. फक्त एक, मोलकरीण नात्यातली नाही, असं लिहून द्यावं लागतं. सूर्यकांतने लिहून दिलं. कावेरीचं आडनाव बदललेलं होतं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव होतं, पण ते पान कुणी उलटलं नाही.

“कागदापुरतं गं,” तो विमानतळावर बहिणीला म्हणाला होता.

पण कागद म्हणजे ओल. भिंतीत एकदा उतरली की कुठे फुटेल सांगता येत नाही. आधी दर्शनाला शिकवलं, आत्या म्हणायचं नाही, आंटी म्हण. पोरीच्या तोंडून भलत्या माणसासमोर निघून गेलं तर? इथे सगळ्याच आंटी, त्यामुळे पोरीला काही वाटलं नाही. मग कमलिनीचं ‘वन्सं, तुम्ही’ गेलं आणि ‘कावेरी, तू’ आलं, कारण बिल्डिंगमध्ये चार घरं मराठी होती. मग पाहुणे आले की कावेरी आतच जेवू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बाहेर बोलावलंही नव्हतं.

तर तो तरुण विचारत होता. कमलिनी क्षणभर थांबली, तसं त्याला काही कळलं असावं. तो सौम्यपणे म्हणाला, “मॅडम, हे फक्त मोजण्यासाठी. पोलीस नाही, इमिग्रेशन नाही. जे आहे ते सांगा.”

“हाऊसमेड,” कमलिनी म्हणाली.

“खद्दामा,” त्याने अरबीत स्वतःशी पुटपुटत लिहिलं. मग कौतुकाने म्हणाला, “हिचं अरबी फार छान आहे.”

“हो ना. आधी एका अरबी घरात कामाला होती.”

हे दुसरं तर कुणी विचारलंही नव्हतं.

दर्शना सोफ्यावर सरळ झाली. “बट मम्मी, शी इज...”

“दर्शना, टीव्ही बंद कर. बाळ उठेल.”

‘शुक्रन’ म्हणत आभार मानून तो गेला. कमलिनी दार लावून तिथेच उभी राहिली. घाबरून बोलली असती तर एक वेळ गोष्ट निराळी. पण भीती तर त्या भल्या माणसाने आधीच काढून टाकली होती. शब्द भीतीने निघाला नव्हता, सवयीने निघाला होता. आजवर तो कागदावर होता, तोंडात कधी आला नव्हता. आणि आला तेव्हा किती अलगद आला, जसा अनेक वर्षं जिभेखाली ठेवलेला असावा.

आतून कावेरीने विचारलं, “वहिनी, लाडवात जायफळ घालू?”

“घाल,” कमलिनी म्हणाली. तिला स्वयंपाकघरात जाववेना.

दुपारी अनुराधा आली. ती मंडळाची चिटणीस, स्मरणिकेची संपादक आणि कमलिनीची मैत्रीण. शुक्रवारच्या बारशाला बाळाच्या कानात नाव तीच सांगणार होती. तो मान आत्याचा, पण बारशाला सूर्यकांतच्या ऑफिसची मंडळी येणार, त्यांना खरं कळता कामा नये, म्हणून अनुराधा मानलेली आत्या. तिने पाळणाही ठरवून टाकला होता.

“साठ दिऱ्हम भाडं, म्हणजे साडेपाचशे रुपये गं! एवढ्यात गावाला पाळणा विकत येतो आणि वर हलवायला माणूस,” असं म्हणत ती चार्टपेपरवर वाकली. “वा! इतिहासवाल्या बाई, काय काम केलंयस! हे सगळं शिरगणतीवरून? अय्या, अण्णासाहेबांना मुलगी होती? कावेरी! तुमच्या बाईचंही नाव कावेरीच ना?”

“हो ना,” कमलिनी हसली. “योगायोग.”

नेमकी त्याच वेळी कावेरी चहा घेऊन आली.

“मग ही कावेरी हल्ली कुठे असते? सगळ्यांचे सध्याचे पत्ते छापायचेत,” अनुराधाने पेन काढलं.

कमलिनीने कप उचलला. कप गरम होता, तरी तिने तो खाली ठेवला नाही. “ती... गावाला असते.”

“गावालाच असते,” ट्रे काखेत धरून कावेरी शांतपणे म्हणाली. “कुडाळला. बरी आहे.”

“तुला काय माहीत गं?” अनुराधा हसली.

“आमच्याकडचीच ना ती. माझ्या ओळखीची आहे.” आणि ती आत गेली.

“चुणचुणीत आहे हं तुझी बाई,” अनुराधा म्हणाली. “कुठून मिळवलीस? आम्हाला मेली एक टिकत नाही.”

कमलिनीने काय उत्तर दिलं, ते तिचं तिलाच नंतर आठवेना. चार्टपेपर मात्र तिने दिला नाही. एक नाव तपासायचंय, उद्या देते, असं म्हणून गुंडाळून ठेवला. अनुराधा गेल्यावर तिने तो परत उलगडला. सासूबाईंच्या खाली दोन फांद्या होत्या. एकीवर सूर्यकांत, त्याखाली दर्शना आणि एक रिकामा गोल, बाळाचा. दुसरीवर कावेरी. आज सकाळी लिहिलेल्या कागदात बाळाला नाव नव्हतं, पण ‘मुलगी’ हे नातं होतं. कावेरीला नाव होतं. उद्या तीस-चाळीस वर्षांनी कुणी आपल्यासारखंच हे कागद मांडून बसलं, तर त्याला वाटेल, कावेरी नावाची एक मुलगी या घरातून गेली ती गेलीच. आणि पुढे त्याच नावाची एक मोलकरीण कामाला लागली. योगायोग. तो इतिहास कमलिनी तिरोडकर, बीए, हिने स्वतःच्या तोंडाने लिहवून घेतला होता.

कानशिलं तापली. बाळंतिणीचा रुमाल बांधलेला होता, तो तिने सोडून टाकला.

संध्याकाळी कावेरी बाल्कनीत लंगोट काढत होती. खाली दुकानांचे दिवे लागले होते. कमलिनी दारात जाऊन उभी राहिली.

“वन्सं.”

कावेरीने मागे न बघता एक लंगोट झटकला. “आज एकदम वन्सं? साखर संपली की काय?”

“चेष्टा नका करू. सकाळी मी... त्या माणसाने सांगितलं होतं, जे आहे ते सांगा म्हणून. मी तरी...”

“ऐकलं मी. माझं अरबी चांगलं, पण इंग्रजीही कळतं एवढं.”

“स्मरणिकेत मी खरं छापते. पत्ता आपलाच घालते. होईल ते होईल.”

“आणि दादाची नोकरी? त्याने सही करून दिलंय, नात्यातली नाही म्हणून. मग सगळे मिळून गोठ्याकडच्या खोलीत राहू या का?” कावेरीने चिमटे डब्यात टाकले. “नको. कुडाळला असते, बरी आहे, तेच असू दे.”

माफी मागावी, तर तीही कावेरीनेच सोपी करून घ्यावी, अशी आपली मनातून इच्छा आहे, हे तिला दिसलं आणि आणखीच लाज वाटली.

“पंचाहत्तरच्या वेळी मी घरात होते,” कावेरी लंगोटांच्या घड्या घालत म्हणाली. “देऱ्याच्या घरी. मोजायला आलेला माणूस चटईवर बसला होता. अण्णांना अरबी जेमतेम, म्हणून मीच सांगत होते. हे बाबा, ही आई, हा दादा. मग तो म्हणाला, आणि तू कोण? मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, सांग की, तुझं तू सांग. मी सांगितलं, बिंत. मुलगी. त्याने मला गोळी दिली. एवढा मोठा दादा फुगून बसला, मला का नाही म्हणून.”

दोघी हसल्या. कमलिनीचं हसू मध्येच अडलं.

“दर्शनाचं नाव तुम्ही ठेवलं होतं,” ती म्हणाली. “गावी. केवढ्या मोठ्याने कुर्र केलं होतंत, पोरगी दचकून रडली होती.”

“ते आठवतं ना तुला?”

“आठवतं.”

आत बाळ कुरकुरलं. कावेरीने घड्यांचा गठ्ठा छातीशी धरला, दोन पावलं आत टाकली आणि थांबली. पहिल्यांदाच तिने कमलिनीच्या डोळ्यांत बघितलं.

“वहिनी, शुक्रवारी लोक संध्याकाळी येणार. पाळणा सकाळीच येईल. अनुराधाबाईंना त्यांचा मान मिळू दे, मी आत पुऱ्या तळीन. पण सकाळी, कुणी यायच्या आधी, बाळाच्या कानात नाव पहिल्यांदा मला सांगू दे.”