तिसऱ्या मजल्यावरचे लिनक्सवाले काका

"आधी पालथा कर," असं म्हणून काका समोरच्याच्या हातातून लॅपटॉप काढूनच घेत. काय बिघडलंय हे सांगायला तुम्ही तोंड उघडलेलं असायचं, ते तसंच उघडं राहायचं. शर्टाच्या खिशातून भिंग निघायचं. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर पालथा पडायचा, पोटावरच्या स्टिकरवरची बारीक अक्षरं वाचली जायची आणि मग जिभेने तीनदा 'च्, च्, च्' व्हायचं. तो आवाज ऐकून ज्यांचा लॅपटॉप उत्तम चालू होता तेही आपला लॅपटॉप छातीशी धरायचे.

शेजारी अमराठी असले तर हेच वाक्य "पहले उल्टा कीजिए" असं व्हायचं. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीला 'पालथा' हा शब्द काकांमुळेच कळला. बरेच दिवस तिची समजूत होती की तो फक्त लॅपटॉपसाठीच वापरतात.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याला लांबून पाहिलं की माणसं लिफ्ट सोडून जिना धरतात. नोएडातल्या आमच्या सोसायटीत तो मान काकांचा होता. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. मराठी घरं दोनच, त्यामुळे मला जिना धरण्याची सोय नव्हती.

काका एके काळी कंप्युटर बनवत असत. जोडत नव्हे, बनवत. हा फरक ते पहिल्या भेटीतच समजावून सांगत आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत. नोएडाच्याच एका कारखान्यात ते बोर्डांचे नकाशे आखायचे. मग आयात खुली झाली, तैवानहून तयार बोर्ड यायला लागले आणि नकाशे आखणाऱ्यांना खोक्यांवर कंपनीची लेबलं चिकटवायचं काम मिळालं. दोन वर्षांनी लेबलंही छापूनच यायला लागली. कारखाना बंद झाला. त्या जागेवर आता लग्नाचा हॉल आहे. "मी जिथे ऑसिलोस्कोप लावून बसायचो ना, तिथे आता पनीर टिक्का मिळतो," हे काका प्रत्येक लग्नात, तोच पनीर टिक्का खाताना सांगत.

त्यानंतर ते 'कन्सल्टंट' झाले. म्हणजे त्यांना कोणी विचारत नसे आणि ते सगळ्यांना सल्ला देत. काकू केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होत्या. त्या रोज सकाळी चार्टर्ड बसने दिल्लीला जात, संध्याकाळी परत येत आणि घर चालवत. काका देश सुधारत.

सुधारणेचं हत्यार होतं लिनक्स. फुकट मिळणारी, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली ही प्रणाली जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालते, हे त्यांचं म्हणणं. चालायचीही. फक्त तिच्याबरोबर लॅपटॉपचं काहीतरी एक चालेनासं व्हायचं. नायरबाईंच्या लॅपटॉपचा उजवा स्पीकर कायमचा मुका झाला. त्यांनी तक्रार केल्यावर काकांनी शांतपणे विचारलं, "बाएँ से गाना पूरा सुनाई देता है ना?"

भाटियाजींची गंमत तर सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची मुलगी कॅनडात. काकांनी त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स घातल्यापासून कॅमेऱ्यात भाटियाजी उलटे दिसायला लागले, पगडी खाली आणि दाढी वर.

"पिक्चर आ रही है ना?" काका म्हणाले.

"आ रही है जी, पर मैं लटका हुआ हूँ!"

"वो सॉफ्टवेअर की बात है. हार्डवेअर बिल्कुल ठीक है."

शेवटी कॅनडातल्या मुलीने आपलाच लॅपटॉप उलटा धरायला सुरुवात केली. काकांनी ती केस 'निकाली' म्हणून वहीत नोंदवली. ही वही मी पाहिली आहे.

मी हसत होते तोवर सगळं छान होतं. मग मंदीच्या वर्षी माझी नोकरी गेली. एका सॉफ्टवेअर कंपनीत मी माहितीपुस्तिका लिहायचे. एका शुक्रवारी आम्हा अकरा जणांना काचेच्या खोलीत बोलावून पाणी दिलं गेलं आणि घरी पाठवलं गेलं. निरोपाची भेट म्हणून माझा पाच वर्षं जुना लॅपटॉप मला मिळाला. आतलं सगळं पुसलेलं होतं, विंडोजसकट. त्यावर घरून भाषांतराची कामं करायची, असं मी ठरवलं. लिफ्टमध्ये काकांनी माझ्या काखेतला लॅपटॉप पाहिला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. तो पालथा झाला. च्, च्, च्.

"वाय-फायची चिप वाईट आहे," काका म्हणाले. "हिची कंपनी चिपची भाषा कोणाला सांगत नाही. आपले लोक बिचारे अंदाजाने बोलतात तिच्याशी. पण चालेल. मी आहे."

चाललं. अगदी सुरेख चाललं, झाकण मिटेपर्यंत. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा, उघडलं की जागा व्हायचा, पण वाय-फाय नाहीसं झालेलं असायचं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्याशिवाय यायचंच नाही. "झाकण मिटू नकोस," हा काकांचा पहिला इलाज. मी आठवडाभर उघडा लॅपटॉप घेऊन घरभर फिरले. कुकरची शिट्टी झाली तरी हातात लॅपटॉप. दर रविवारी काका येत, चहा पीत आणि काहीतरी सुधारत. एका रविवारी आवाज गेला. पुढच्या रविवारी आवाज आला, पण स्क्रीनचा उजेड कमी होईना. माझा नवरा त्यांना 'रविवारची पूजा' म्हणायला लागला.

मग एका भाषांतर संस्थेने मला चाचणी पाठवली. वीस पानं होती. ती संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची आणि जमलं तर कायमचं काम, असं ठरलं होतं. सकाळी अकरापर्यंत माझी सतरा पानं झाली होती. तेवढ्यात बेल वाजली.

"फक्त पाच मिनिटं," काका म्हणाले. "नवी आवृत्ती आली आहे. तुझ्या चिपचं नाव आहे तिच्यात."

मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा फुललेला होता की मी चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा स्क्रीन काळी होती. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बस.

बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. काका घामाघूम होऊन टाइप करत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "हार्डवेअर ठीक आहे." चौथ्यांदा तेच ऐकल्यावर माझं डोकं सटकलं.

"काका, तुमचा कारखाना का बंद पडला ते आज मला कळलं."

काकांनी टाइप करणं थांबवलं. चष्मा काढला, पुसला आणि घातला. मग भिंग खिशात ठेवलं, "बरोबर आहे," असं काहीतरी पुटपुटले आणि चपला हातात घेऊनच जिना उतरून गेले.

मी मार्केटमधल्या सायबर कॅफेत पळाले. शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी लढाईचा खेळ खेळत होतं आणि मी आठवून आठवून सतरा पानं पुन्हा आणि उरलेली तीन नव्याने लिहीत होते. सहाला पाच मिनिटं असताना फाइल गेली. आठवड्याने काम मिळाल्याचं कळलं. नवऱ्याने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, विंडोजवाला. माझं सगळं मार्गी लागलं. माफी मागायची तेवढी राहिली.

तुम्ही म्हणाल, दोन मजले तर उतरायचे होते. उतरले नाही. आपलं बोलणं चुकीचं असतं तर मी उतरले असते. ते निम्मं खरं होतं, त्यामुळे जास्त लागलं होतं, हे मला माहीत होतं. मी जिना धरायला लागले.

तीन आठवड्यांनी काकू मला जिन्यातच भेटल्या. ऑफिसातून दमून आलेल्या, हातात भाजीची पिशवी.

"अगं, ते तुझ्या त्या चिपच्या मागे लागलेत," त्या म्हणाल्या. "नेहरू प्लेसच्या कंप्युटर बाजारात जाऊन तसलाच एक मेलेला लॅपटॉप शोधून आणला. दिवसभर झाकण उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. माझं डोकं फिरायची वेळ आली. तुझ्यावर रागावलेत का विचारलं, तर म्हणाले, ती बोलली ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे."

मी पिशवी उचलायला म्हणून त्यांच्याबरोबर घरात गेले. काका टेबलाशी बसले होते. मला पाहून उठले नाहीत, रागावलेही नाहीत. वही पुढे सरकवली. झाकण उघडल्याच्या तीनशेवर नोंदी होत्या. वाय-फाय आलं तिथे बरोबरची खूण, नाही आलं तिथे फुली.

"बघ," ते म्हणाले. "ही चिप जागी होते ना, त्याच क्षणी लिनक्स तिला हाका मारायला लागतं. ती बिचारी अर्धवट झोपेत असते. ओ देत नाही. लिनक्स समजतं, ही मेली. जरासं थांबायचं. डोळ्याचं पातं लवायलाही लागणार नाही इतकंच. मग हाक मारायची. एक ओळ घालायची आहे, बस." त्यांनी झाकण मिटलं, उघडलं. वाय-फाय आलं. पुन्हा मिटलं, उघडलं. पुन्हा आलं. "मेलेल्या लॅपटॉपमधली चिप जिवंत होती. ती माझ्या लॅपटॉपमध्ये बसवली."

"मग आता?"

"आता काय! जगाला द्यायचं तर लिनक्स सांभाळणाऱ्या लोकांना पटवावं लागतं. मी पाठवलं होतं. हे उत्तर आलं."

ज्याच्याकडे त्या भागाची देखभाल होती, अशा कुठल्याशा परदेशी माणसाने इंग्रजीत लिहिलं होतं की हे फार लांब आहे आणि नेमकं काय म्हणायचंय ते कळत नाही. मी काकांचं पत्र उघडलं. 'आदरणीय महोदय' अशी सुरुवात होती. पहिल्या पानावर कारखान्याची स्थापना, दुसऱ्यावर आयात धोरण, तिसऱ्यावर लग्नाचा हॉल. चिप तिसऱ्या पानाच्या तळाशी येत होती.

माझ्या आयुष्यातली दहा वर्षं इंजिनिअरांचं असलं लिखाण कापण्यातच गेली होती. मी खुर्ची ओढली.

"इतिहास काढू नकोस," काका म्हणाले.

"काका, त्याला चिपबद्दल हवंय."

"पण मी कोण ते त्याला कळायला नको का?"

"ओळ बरोबर असली की कळेल."

आम्ही दोन तास भांडलो. आयात धोरण गेलं. लग्नाच्या हॉलसाठी ते बराच वेळ अडून बसले, मग तोही गेला. कारखान्याचं नाव असलेलं वाक्य पुसायची वेळ आली तेव्हा मी बटणावरचं बोट उचललं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी ते स्वतः पुसलं. सहा ओळी उरल्या. काय बिघडतं, का बिघडतं, काय केलं, किती वेळा तपासलं. त्या दिवसाबद्दल मी एक शब्द बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. निघताना काकूंनी मला भरली वांगी दिली.

पाच दिवसांनी उत्तर आलं. 'घेतलं आहे. आभार.' एवढंच. काका धावत वर आले. लिफ्टची वाटही पाहिली नव्हती.

"दोनच वाक्यं?" ते धापा टाकत म्हणाले.

"तिथे हे फार आहे, काका."

ते सोफ्यावर बसले. "कारखान्यात चौदा वर्षं काढली," ते म्हणाले. "हे कोणी म्हणालं नाही." मग मी पाहतेय हे लक्षात येऊन एकदम म्हणाले, "भाटियांचा कॅमेराही आता घेतो हातात. साधी गोष्ट आहे."

साधी नव्हती. भाटियाजी सरळ झाले, पण त्यांचा आवाज गेला. कॅनडातल्या मुलीचं म्हणणं असं की हे जास्त बरं आहे.

काकू निवृत्त झाल्यावर दोघं नाशिकला गेली. काकांच्या जागी आलेला तरुण दर वर्षी नवा लॅपटॉप घेतो आणि जुना बिघडायच्या आत विकतो, त्यामुळे त्याच्याशी बोलायला काही विषय निघत नाही. नाशिकला गेल्यावर तिसऱ्या वर्षी काकूंचा फोन आला. काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी जाऊन आले. काकूंनी मला काही दिलं नाही, मीही काही मागितलं नाही. आम्ही दोघी चहा प्यायलो आणि काकांना हसलो, थोड्या रडलोही.

मागच्या हिवाळ्यात मला एक ई-मेल आली. पाठवणाऱ्याचं नाव मला नीट उच्चारताही येईना. त्या सहा ओळींखाली 'तपासणारी' म्हणून काकांनी माझंही नाव घातलं होतं, त्यावरून त्याने मला शोधलं होतं. त्या चिपच्या भागात तो काही बदल करत होता आणि काकांनी घातलेली ओळ अजून लागते का, हे त्याला विचारायचं होतं. काकांना पाठवलेली पत्रं परत येत होती. तुमच्याकडे त्यांचा नवा पत्ता आहे का, असं त्याने विचारलं होतं.

मी माळ्यावरून माझा तो जुना लॅपटॉप काढला, काकांनी नाशिकला जाण्याआधी दुरुस्त करून त्यात ती ओळ घातलेला. चार्जिंगला लावला. झाकण मिटलं, उघडलं, मोजून पन्नास वेळा. दर वेळी वाय-फाय आलं. मग त्याला लिहिलं, की ओळ अजून काम करते, काढू नका. नवा पत्ता नाही. ते गेले. यापुढे या चिपबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा.

मला त्या चिपमधलं ओ की ठो कळत नाही, हे मात्र लिहिलं नाही.