माझ्या वाटचा तीळ

परवा दुपारी अकोल्याहून नातसुनेचा फोन आला. तिच्या लेकीला, म्हणजे माझ्या पणतीला, शेंगदाणा चालत नाही... एक दाणा पोटात गेला तरी अंगभर गांधी उठतात.

"आजी, कांद्यात, शेवग्याच्या पाल्यात ते क्वेर्सेटिन असते म्हणे. अॅलर्जीसाठी त्याची पावडर भेटते. देऊ का तिले?"

मी शाळेत गेलेली नाही. पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले, मी काय सांगणार... पण मला माझी सासू आठवली.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले. मी बार्शीटाकळीच्या भाजीवाल्याची लेक, अमरावतीला फुलांचा मळा असलेल्या घरात सून म्हणून आले. पंधरा दिवसांत अंगावर लाल गांधी उठायला लागल्या... जेवण झालं की खाज, ओठ सुजलेले.

जाऊ टोमणा मारायची, "काम सांगतलं का हिचं अंग फुलते, शेवंतीवानी!" सासऱ्यांना वाटलं, आजार लपवून पोरगी गळ्यात मारली. संक्रांतीपर्यंत बरी झाली नाही तर बापाला बोलावून माहेरी धाडायची, असं ठरलं. माझं तर अन्नावरचं मनच उडालं.

सासूबाई मात्र हटल्या नाहीत. कडुनिंबाचा पाला आणि हळद तेलात कढवून रोज स्वतःच्या हातानं चोळायच्या. आमच्याकडे तेल म्हणजे तिळाचंच... भाजीत तेच, डोक्याला तेच, औषधातही तेच. गांधी वाढतच गेल्या.

मग एकदा तेलाच्या घाण्यावरून तेल यायला चार दिवस उशीर झाला. भाजीपुरतं शेजारून करडीचं तेल आणलं, आणि पाला-हळद नुसत्या पाण्यात वाटून लावली. दोन दिवसांत अंग निवळलं! सासूबाई आळीभर सांगत फिरल्या, "पाहा, माह्या निंबानं काम केलं!"

तेल आलं. त्यांनी मोठ्या कौतुकानं पुन्हा पाला कढवून लावला... आणि पुन्हा अंग पेटलं.

त्यांनी तेलाची वाटी आणि पाला ओसरीवर वेगवेगळा मांडला. मळ्यात रोपं पिवळी पडली की त्या दोन उपाय एकदम कधी करत नसत. एका वाफ्याला एकच उपाय, आणि मग वाट पाहायची... तसंच त्यांनी माझ्या एका मनगटावर नुसतं तेल लावलं, दुसऱ्यावर नुसता पाला.

घटकाभरात तेलाचं मनगट टरारून फुगलं. दुसरं जसंच्या तसं.

"अवं माय... म्हंजे औषध म्हनून मीच तुले रोज विख चोळून राहिली होती!"

तेव्हा कुठे मला आठवलं. माहेरी तीळ वर्षातून एकदाच, संक्रांतीला. ओठ खाजले की आई म्हणायची, तीळ गरम पडला... आणि विषय संपायचा.

संक्रांतीला माझे बाबा आले खरे, पण पाहुणे म्हणून. हळदीकुंकवाला बायका जमल्या. नव्या सुनेनं तिळगुळाला नाही म्हणायचं म्हणजे अपशकुनच! मी घाबरत हात पुढे केला... आणि सासूबाईंनी आपला तळवा मध्ये घातला.

"तिले निस्ता गूळ द्या. तिच्या वाटचा तीळ माह्या हातावर ठेवा."

जाऊबाईंकडे पाहून त्यांनी आणखी एक चिमूट मागून घेतली!

तर नातसुनेला म्हटलं, बाई, पाल्यात गुण नाही असं मी म्हणत नाही. निंबानं माझी आग थोडी शमलीही असेल... पण बरी झाले ती तीळ बंद झाला म्हणून. पावडरीचं डॉक्टरांना विचार, आणि ती देऊन दाणा चालेल असं समजू नको. ओठ सुजले, दम लागला, तर पाला वाटत बसायचं नाही, थेट दवाखाना. मी नशिबानं वाचले.

सासूबाई जगल्या तितक्या संक्रांती माझ्या वाटचा तीळ त्यांनीच खाल्ला. यंदा पणतीच्या वाटची शेंगदाण्याची चिक्की मी घेणार आहे... दात नाहीत, चोखून खाईन.