गच्चीवरचा मॅम्बो

मला मॅम्बो येतो, असं मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. मला येत नव्हता.

दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर आणि त्यासोबतची नोकरी सोडून आम्ही नुकतेच गुडगावच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मी कंपनीच्या बसने सकाळीच मानेसरच्या कारखान्यात गायब. बायको दिवसभर एकटी. जुन्या कॉलनीत निदान दोन जिने पलीकडे मराठी ऐकू यायचं. इथे समोर मोहरीचं शेत आणि लिफ्टमध्ये अनोळखी बायका, हिच्याकडे बघून हसणाऱ्या आणि मग आपसात बोलणाऱ्या. अशात पुढच्या रविवारी दुपारी गच्चीवर सोसायटीचं पहिलं जेवण ठरलं.

"ओळखी व्हायच्या तर आत्ताच होतील," बायको म्हणाली. "तेवढं माझं हसं करू नका, अहो."

त्याच संध्याकाळी जेवणाच्या तयारीच्या मीटिंगमध्ये "डान्स कोण शिकवेल?" असं विचारल्यावर मी हात वर केला.

दोष त्या कॅसेटचा. करोल बागेत मोजे घ्यायला गेलो आणि फुटपाथवरून तीच घेऊन आलो. कव्हरवर 'मॅम्बो' असं नाव आणि खाली पांढऱ्या कोटातले वाजंत्री दाटीवाटीने उभे, क्युबाकडचे असावेत. आधी तालवाद्यांची कुजबुज, मग पियानो एकच ओळ घोळवत बसतो, आणि आपण बेसावध असताना सगळे ट्रम्पेट एकदम अंगावर येतात. वरातीतला बँड परदेशात शिकून आला तर असाच वाजवेल! आजही ती लावली की आमच्याकडे पोळी करपते, माझी दाढी अर्धी राहते. पाय परवानगी मागतच नाहीत.

पण त्या पायांनी करायचं काय? माझ्या पायांना आयुष्यात एकच गोष्ट शिकवली गेली होती, तीच मी घरी बायकोला शिकवू लागलो. थोड्या वेळाने ती थांबली.

"अहो, हे लेझीम आहे."

"अगं, मुळात सगळं एकच असतं."

"मी शाळेच्या लेझीम पथकात पुढे असायचे. हे लेझीमसुद्धा चुकतंय."

रविवारी थंडीतलं ऊबदार ऊन, गाजर हलव्याची कढई, आणि माझ्यासमोर स्वेटर घातलेल्या तीन रांगा. ट्रम्पेट उसळले. मी ओरडलो, "बैठो! उठो! पैर आगे!"

"यार, ये डान्स है या पीटी?" मागून एक पंजाबी गृहस्थ धापा टाकत म्हणाले.

नौदलातून निवृत्त झालेले एक काका हलवा खात उभे होते. "मैंने दुनिया देखी है," ते शांतपणे म्हणाले, "पर ऐसा मॅम्बो किसी बंदरगाह में नहीं देखा."

गच्चीत हशा पिकला. हसणाऱ्यांत लिफ्टमधल्या बायका सगळ्यात पुढे. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बसलो होतो तो उठलोच नाही. आणि त्याच क्षणी वीज गेली. ट्रम्पेट म्हशीसारखे रेकून गप्प झाले.

तेवढ्यात खणखणाट. बायको पदर खोचून पुढे आली होती. एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्यात डाव. "एक, दो, तीन, चार! चारपे झुको!" लिफ्टवाल्या बायका झुकल्या. रांगा सरळ झाल्या. तिचं हिंदी मोडकं होतं, पण ताटाला व्याकरण लागत नाही. वीज आली तेव्हा ट्रम्पेट नेमके तिच्या 'चार'वर कोसळले, आणि मग काय! कुणी भांगडा घातला, कुणी गरबा, नौदलवाले काका हलव्याची वाटी डोक्यावर तोलत कंबर हलवू लागले. सगळं त्या गाण्यात बसत होतं. मी तेवढा एकटाच उलट्या दिशेने जाऊन लोकांच्या पायांवर पाय देत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. लिफ्टमधल्या चौघी दारात. दर रविवारी गच्चीवर डान्स ठरला होता. बायकोचा चेहरा असा फुलला, की मीही उत्साहाने विचारलं, "कितने बजे आऊँ?"

"भाभीजी आएँगी, कॅसेट आएगी," त्यातली एक म्हणाली. "भाईसाहब, आप घर पे रहना."