बरणीतला थोरला

पाववाल्यांना दोन मुलगे, असं सगळी गल्ली म्हणायची. धाकटा बँकेत आणि थोरला बरणीत. थोरला म्हणजे आंबवलेल्या पिठाचा गोळा. बेकरी विकली तेव्हा भट्टी गेली, पाटी गेली, पण हा गोळा त्यांनी उराशी धरून घरी आणला. रोज त्यातला थोडा काढून पाव करायचा आणि उरलेल्याला खाऊपिऊ घालून पुन्हा वाढवायचं. बायको म्हणायची, "पोटच्या पोराचे एवढे लाड केले असते तर!"

धाकट्याची बायको आली ती दूध, लोणी, मध, अंडं काही न खाणारी. जनावराचं काहीच नको म्हणे. पहिल्याच जेवणात पाववाल्यांनी विचारलं, "का गं, गायीने तुझ्याकडे तक्रार केली का?" सगळे हसले. सूनही हसली, पण दुसऱ्या दिवसापासून ती आपलं आपण शिजवून खिडकीपाशी एकटी जेवायला लागली. भांडण नाही, तंटा नाही. आपल्या जिभेला हाड नाही म्हणून घरातलं माणूस पाहुण्यासारखं वावरतंय, याची पाववाल्यांना लाज वाटायची. माफी मागणं काही त्यांना जमण्यातलं नव्हतं. पाव जमत होता.

म्हणून एका रविवारी त्यांनी कंबर कसली. चष्मा लावून तेलाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. जुन्या ब्रशला लोणी लागलेलं, तर नवा आणला. कणीक पसरून बोटांनी खळगे केले, त्यात तेल सोडलं, वर पुदिना, शेपू, कोथिंबीर आणि चिरलेला लसूण. ओव्हनमधून असा वास सुटला की शेजारीणसुद्धा उगाच डोकावून गेली.

"यात काय काय आहे?" सुनेने विचारलं.

"पीठ, पाणी, मीठ, तेल आणि हा हिरवा पाला. शपथ!"

ती टेबलाशी बसली. त्यांच्या शेजारी. एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "बाबा, उद्या डब्यात द्याल? ऑफिसात माझ्यासारख्याच मैत्रिणी आहेत, शंभर प्रश्न विचारल्याशिवाय घास घेत नाहीत. मी सांगेन, सासऱ्यांच्या हातचं आहे, डोळे मिटून खा."

पाववाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच आनंदात ते स्वयंपाकघरात थोरल्याला खायला घालायला गेले. बरणीत पीठ टाकलं, फ्रिजमधून पातेलं काढलं, वाटीभर ओतलं आणि हात तिथेच थिजला.

दूध. तरुणपणी भट्टीचं काम शिकवणाऱ्या उस्तादाने सांगितलं होतं, गोळा दुधावर वाढवला की पाव मऊ राहतो. जन्मभर त्यांनी तेच केलं. पण पावात काय आहे विचारलं तर थोरल्याचं नाव कोण घेणार? घरातल्या माणसाला कुणी सामानात धरतं का?

मागे उभ्या बायकोने पातेलं पाहिलं, त्यांचा चेहरा पाहिला आणि ती काय ते समजली. "गप्प बसा," ती कुजबुजली. "खाल्लं ते पोटात गेलं. आत्ता कुठे पोरगी टेबलाशी आलीय."

बोलणं खोटं नव्हतं. पण बाहेर सून शेवटच्या तुकड्यासाठी नवऱ्याशी हसत भांडत होती, आणि पाववाल्यांचे कान शरमेने तापले होते. ते बरणी घेऊनच बाहेर आले.

"पोरी, खाऊ नकोस. यात दूध आहे. हा गोळा मी दुधावर वाढवतो. शपथ घेतली खरी, पण माझ्या लक्षातच आलं नाही गं."

तिने तुकडा खाली ठेवला. "अगं, थेंबभर तर..." नवरा म्हणाला, पण ती बरणीकडेच बघत होती.

"मला वाटायचं, यात नुसतं पीठ-पाणी असतं." मग तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, रोजचा पावही याचाच ना? लग्न झाल्यापासून या घरातलं तेवढंच मी न विचारता खाते. रोज सकाळी तोच खाऊन तर ऑफिसला जाते."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच्या पावाची वाहवा व्हायची होती, म्हणून चष्मा लावला होता. रोजच्या पावाचं कौतुक कोण करणार होतं? ती काय खाते, काय नाही, याची थट्टा करण्यापलीकडे त्यांनी कधी विचारच केला नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"हो," ते म्हणाले. "रोजचाही."