वाचून दाखवला, बरोबर आहे

आमच्या स्टेशनावर आता शेड आहे. खाली बाकं, पंखे. आम्ही नांदेडला अप-डाऊन करणारे वर्षानुवर्षं उन्हात भाजलो, तेव्हा ही शेड पाहून माझी छाती फुगायला हवी. मला मान वर करवत नाही.

स्टेशनामागची रेल्वेची जास्तीची जागा विकायची आणि त्या पैशातून शेड, शिवाय गाडीला दोन जादा डबे, असं ठरलं होतं. जागेचा पंचनामा करायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. म्हणजे रेल्वेच्या कचेरीतला कारकून मीच अन् रोजचा प्रवासीही मीच. त्या जागेवर एक म्हातारी शेळ्या चारायची. मी तिला मावशी म्हणायचो. गाडी चुकली की तिच्याच चुलीवरचा, शेळीच्या दुधाचा चहा प्यायचो.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक हमाल मिळाला, दुसरं कोणी मिळेना आणि गाडीची वेळ झालेली. मी मावशीलाच हाक मारली.

"काहून भाऊ?"

"शेड व्हायची आहे मावशी. तुमचा अंगठा पाहिजे."

"मंग घ्या की! तुमी उन्हात उभे राहता, मला काय दिसत न्हाई व्हय?"

कागदावर मी लिहिलं होतं, 'जागा पडीक, कोणाच्याही वापरात नाही.' शेळ्या चारतात असं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती, अन् शेड मी रिटायर झाल्यावर झाली असती. खाली 'पंचांना वाचून दाखवला, बरोबर आहे' हेही मीच लिहिलं. वाचला कुठं? पाच ओळी होत्या हो, फक्त पाच! लिहिताना तिची एक शेळी माझ्या पिशवीत तोंड घालत होती, तिला मी हाकललं. लाज कशी वाटली नाही मला!

जागा विकली गेली, तारेचं कुंपण पडलं. चारायला जागा उरली नाही, म्हणून मावशीनं एक सोडून सगळ्या शेळ्या जवळा बाजार गावच्या गुरांच्या बाजारात नेऊन विकल्या.

परवा ती शेडखाली माझ्या शेजारी येऊन बसली. उरलेल्या शेळीची दोरी हातात होती.

"भाऊ, तुमी लिहिणारं माणूस. कुंपणवाले सांगतात, तिथं कोणीच न्हाई म्हून कोण्या मुडद्यानं लिहून देलं, जरा पाहा ना. त्याला म्या दिसले न्हाई का?"

"पाहतो मावशी," मी म्हणालो. गाडी लागली होती. मी घाईनं चढलो, नव्या डब्यात खिडकी मिळाली. जेवणाची पिशवी मात्र बाकावरच राहिली होती. ती मावशीनं खिडकीतून आत दिली.

"त्याच्यावर अर्ज करा भाऊ," ती म्हणाली. "तुमी लिवा, म्या अंगठा देते."